उष्टा सूर

दिवाळीतले लासलगाव कसे असते, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगून खरे वाटणार नाही. एरवी या गावात दिवस उजाडतो तो ट्रॅक्टर आणि पिकअप यांच्या रांगांनी. कांद्याचा वास हा वास म्हणून इथे कुणाच्या नाकाला कळतच नाही. पाहुणा नाकाला रुमाल लावतो तेव्हा आम्हांला आठवण होते. पण दिवाळी आली, की बाजार समितीतले लिलाव काही दिवस बंद राहतात, हमाल आपापल्या घरी जातात, व्यापारी नव्या चोपड्यांना हळदकुंकू लावण्यात गुंततात आणि वर्षभर बोलणारे हे गाव एकदम मुके होते.

अशाच शांततेत गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी ओट्यावर आरामखुर्ची टाकून बसलो होतो. फराळ जरा जास्त झाला होता, डोळा लागला. तेवढ्यात ओळखीची किणकिण कानांवर आली आणि मी झोपेतच हात हलवून ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या... अजून... अजून येऊ द्या... बास!"

डोळे उघडून पाहतो, तो समोर ना ट्रक ना पिकअप. आमची सौ. पणत्यांत तेल घालता घालता माझ्याकडे पाहत होती.

"कुणाला येऊ देताय?"

"गाडी मागे घेतायत ना?"

"गाडी नाही. दिव्यांची माळ आहे ती. कालच आणलीय. गाणारी!"

घरातली सगळी मंडळी पोट धरधरून हसली. माझीही चूक नव्हती म्हणा. उभे आयुष्य मी कांद्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवले. गाडी मागे येऊ लागली की वाजणारी ती किणकिण माझ्या रक्तात भिनली आहे. तीच किणकिण एका घरी दाराची घंटा म्हणून वाजते, दुसरीकडे वाढदिवसाचे कार्ड उघडले की वाजते आणि आता आमच्या ओट्यावर दिव्यांच्या माळेतून वाजत होती. ती चीज आहे थेट बेथोव्हनची! १८१० साली त्याने पियानोसाठी लिहिलेला तो लहानसा तुकडा त्याच्या मृत्यूनंतर, १८६७ साली, छापला गेला. आणि आज आमच्या गावात त्याचा अर्थ "सरका, गाडी मागे येतेय" एवढाच उरला आहे.

हे सगळे मला ठाऊक कसे, असे विचाराल तर ते आमच्या नातीमुळे. ही मुलगी नाशिकला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकते. तिने त्याच संध्याकाळी एका जुन्या बंद पडलेल्या घंटीची डबी उघडून मला तिचे काळीज दाखवले. मुगाच्या सांडग्याएवढा काळा तुकडा आणि त्याला तीन पाय! यूएम-सहासष्ट हे त्याचे नाव. तैवानच्या कारखान्यातली ही जात. पेन्सिलीतल्या सेलच्या जोडीवर तो चालतो आणि कारखान्यातून निघतानाच त्याच्या पोटात चौसष्ट सूर कायमचे कोरलेले असतात. कुणात बेथोव्हन, कुणात वाढदिवसाचे गाणे. चौसष्ट सूर संपले की पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटले, "चौसष्ट कलांत ही पासष्टावी दिसते."

हसण्याखेळण्यात ती रात्र गेली असती तर बरे झाले असते. पण पुढे माझ्या हातून एक आगळीक घडली. त्या आगळिकीची ही हकीकत आहे.

आमच्या माळ्यावर एक जुना टीव्ही गेम पडून होता. तीसेक वर्षांपूर्वी माझ्या मुलाने हट्ट धरला म्हणून मनमाडहून आणलेला. टीव्हीला जोडायचा, वरच्या फटीत 'कॅसेट' खुपसायची आणि मिशाळ प्लंबरला उड्या मारायला लावायच्या. तो प्रकार पुष्कळ घरांतून आपण पाहिला असेल. मूळ यंत्र जपानचे, १९८३ सालचे. आमच्याकडचे अर्थातच त्याची नक्कल. नातीने ते उन्हाळ्यात खाली काढले, झाडले, डाग देऊन तारा जोडल्या. आम्हांला वाटले, गेम खेळणार. पण तिला खेळायचेच नव्हते. ती त्यावर गाणी रचीत होती!

जगात असे करणारे पुष्कळ जण आहेत, असे तिच्याकडून कळले. जुन्या संगणकांतल्या आणि खेळण्यांतल्या चिपांवर संगीत रचायचे, म्हणून त्याला नावही 'चिप म्यूझिक'. १९८२ सालच्या कमोडोर चौसष्ट नावाच्या घरगुती संगणकात बॉब यानेस या अभियंत्याने तीन आवाजांची चिप बसवली, १९८९ साली हातात मावणारा गेम बॉय आला आणि त्यातल्या चार आवाजांवर पुढे लोकांनी मैफली गाजवल्या. आमच्या टीव्ही गेमच्या जातीत सुरांच्या पाच वाटा आहेत. दोन वाटा चौकोनी लाटेच्या: वीज चालू-बंद, चालू-बंद होते आणि चालू किती वेळ, बंद किती वेळ यावर आवाज नाकातला की भरीव हे ठरते. तिसरी वाट त्रिकोणी लाटेची. ती खर्जाला बरी, पण तिला हळू-मोठ्याने समजतच नाही. वाजली तर पूर्ण, नाहीतर गप्प. (आमच्या थोरल्या बंधूंसारखी.) चौथीवर नुसती खरखर. पाचवीवर ध्वनिमुद्रित केलेले बारीक तुकडे. एवढ्या भांडवलावर सगळा संसार.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाहुणे जमलेले असताना नातीने टीव्हीला यंत्र जोडून आपली रचना ऐकवली. चार-पाच मिनिटांची असेल. मी मान डोलवीत होतो. पण मध्येच बारीक खुळखुळ्यासारखा एक आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला. तसला आवाज तिने ऐकवलेल्या परदेशी रचनांतही मी दहादा ऐकला होता. रचना संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावळ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हण्याने, मला विचारले, "काय आबा, तुम्ही वाजवणारे. कशी वाटली?"

आणि मी, वाचकहो, जाणकाराचा आव आणून म्हणालो, "बरी आहे. पण सगळं एकसारखंच वाजतं हे. दिव्यांच्या माळेत आणि यात मला फरक कळेना. सूर उष्टे आहेत."

पाहुणे हसले. नातही हसली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला पाहतो, तो टीव्ही गेम खोक्यात घालून, वर सुतळी बांधून माळ्यावर ठेवलेला.

"का गं?" मी विचारले.

"तुम्ही म्हणालात ते खरंच आहे आबा. हे करणारे लोकसुद्धा मला तेच सांगतात. तो आर्पेजिओ सगळ्यांनी वापरून चोथा केलाय म्हणतात. नवीन काही जमत नसेल तर कशाला करायचं?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोसले असते. पण तिने ते शांतपणे, पटल्यासारखे सांगितले. भाऊबीज करून ती नाशिकला गेली. मी माळ्याच्या शिडीकडे पाहायचे टाळू लागलो.

आता माझी गोष्ट सांगतो. म्हणजे मला उष्टे म्हणण्याचा अधिकार किती होता हे आपल्याला कळेल.

ऐन तारुण्यात दिवसा मी पेढीवर हिशेब लिहीत असे आणि लग्नसराईत रात्री एका बँडमध्ये किबोर्ड वाजवीत असे. गावात त्याला सगळे 'कॅसिओ' म्हणत, मग तो कोणत्या का कंपनीचा असेना. वरात मारुतीच्या पारापाशी आली की नवरदेवाचे मित्र एका सुरात ओरडायचे, "नागीण! नागीण!" मग मी ठरलेले बटण दाबायचे, बीन सुरू करायची. एकाने रुमालाचे टोक दातांत धरून पुंगी वाजवल्याचा अभिनय करायचा आणि दुसऱ्याने, म्हणजे बहुधा ज्याचे कपडे सर्वांत नवे असतील त्याने, रस्त्याच्या धुळीत नागीण होऊन लोळायचे. वीस वर्षांत मी ती बीन किती वेळा वाजवली, याचा हिशेब मी हिशेबनीस असूनही देऊ शकणार नाही.

एकदा विंचूरच्या एका वरातीत मला धाडस सुचले. पेढीवर बसून मी एक धून बांधली होती, माझी स्वतःची. नागिणीची मागणी आली तेव्हा मी ती सुरू केली. आठ-दहा मात्रा झाल्या असतील. लोक थांबले, एकमेकांकडे पाहू लागले. कुणीतरी म्हणाले, "कॅसिओ बिघडला वाटतं!" बँडच्या मालकाने मागून माझ्या पाठीत हलकेच बोट खुपसले. मी बटण दाबले, नागीण सुरू केली, आणि लोक पुन्हा आनंदाने धुळीत लोळू लागले. ती माझी धून मी नंतर कधीच वाजवली नाही. आज तिचे पहिले चार सूर आठवतात. पाचवा आठवत नाही. कितीदा प्रयत्न केला. नाहीच.

गेल्या डिसेंबरात एका रात्री झोप येईना तेव्हा मला हे आठवले आणि एकदम उठून बसावेसे वाटले. मला पाठीत बोट खुपसणारा निदान परका माणूस होता.

मग मी वाचू-ऐकू लागलो. या वयात कुणी अध्यात्माकडे वळतो, मी नागिणीकडे वळलो. आपल्याला ठाऊक असेल, 'नागिन' हा चित्रपट १९५४ सालचा, संगीत हेमंतकुमारांचे. त्यातली बीन ही बीनच नव्हे! गारुड्याची पुंगी तिथे नाहीच. कल्याणजींनी, म्हणजे पुढे भाऊ आनंदजींबरोबर संगीतकार म्हणून गाजले त्या कल्याणजींनी, ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली. जोडीला हार्मोनिअमवर रवी होते. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये १९४७ साली काँस्टंट मार्टिन यांनी तयार केलेले वाद्य. त्यावर एका वेळी एकच सूर निघतो. पेटीसारखे चार सूर एकदम धरता येत नाहीत. नव्या वाद्याची ही उणीवच म्हणायची. पण पुंगीची चालही एका सुरावरून दुसऱ्या सुरावर वळवळत जाते. ही उणीवच तिथे कामाला आली. ज्या दिवशी ती बीन प्रथम वाजली, त्या दिवशी तो सूर कुणाचाही उष्टा नव्हता. एका माणसाने, हातातल्या तोकड्या वाद्याकडून, पडद्यावरच्या नागिणीसाठी तो काढून घेतला होता.

पुढे काय झाले ते मी स्वतः पाहिले आहे. लहानपणी आमच्या आठवड्याच्या बाजारात एक गारुडी येई. त्याच्या हातात खरी, भोपळ्याची पुंगी असे, आणि वाजवी काय? सिनेमातली धून! नकलेची नक्कल अस्सलाने केली. त्यानंतर बँडवाले, त्यानंतर मी. कल्याणजींना ती वाजवण्याचे कारण होते. मला बटण होते.

मग मी त्या खुळखुळ्याचा तपास केला. त्याचीही जन्मकथा तशीच निघाली. चिपेत आवाज तीन, फार तर चार-पाच. एकावर गाणे, एकावर खर्ज, एकावर ठेका. मग सा-ग-प असे तीन सूर एकत्र वाजवून स्वरसंगती द्यायची कशी? वाटाच शिल्लक नाहीत! तेव्हा त्या काळच्या पोरांनी एक युक्ती काढली. एकाच वाटेवरून सा, ग, प, सा, ग, प असे सूर इतक्या झपाट्याने सोडायचे, सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदलायचे, की कानाला ते एकत्रच वाजल्याचा भास व्हावा. गरीब घरातली बाई एका लुगड्यावर चार लग्ने निभावते ना, तशी ही युक्ती. तिच्यातून तो खुळखुळता आवाज जन्मला. आज संगणकावर शंभर आवाज एकदम वाजवता येतात. तरी ज्याला 'जुन्या चिपेसारखे' काही हवे असते तो आधी खुळखुळा ओततो. अडचण संपली, युक्ती उरली. उष्टेपण येते ते इथून.

म्हणजे तयार मिळालेला सूर घेऊच नये का? तसेही नाही. जपानच्या कॅसिओ कंपनीत ओकुदा हिरोको या तरुण बाई नुकत्याच संगीत शिकून लागल्या होत्या. १९८१ सालच्या एका लहान किबोर्डात त्यांनी 'रॉक' या नावाचा एक तयार ठेका बसवला. १९८५ साली तो ठेका पार जमैका बेटावर वेन स्मिथ या गायकाच्या गाण्याखाली वाजला आणि तिथल्या रेगे संगीताचा नूरच पालटला; त्यानंतर त्याच ठेक्यावर शेकडो गाणी झाली. बटण तेच, दाबणाराच्या मनात चाल मात्र आपल्या गावची होती.

आणि आपल्या मुंबईची गोष्ट तर याहून मजेची आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे घेतली आणि भूपाली, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्यांतले एक यंत्र मुळात बास गिटार वाजवणाऱ्याची उणीव भरून काढण्यासाठी केलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यात सोय होती. तबकडी चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राच्या चिरक्या आवाजावर नाचाच्या संगीताचा एक नवा पंथच काढला आणि पुढे तो आवाज जगभर इतका वाजला, की त्याचाही चोथा झाला. मग २०१० साली कुणीतरी सिंग यांची तबकडी पुन्हा बाजारात आणली आणि लोक थक्क झाले. चोथा झालेल्या त्याच आवाजात कुणीतरी कितीतरी आधी रागाचा विचार केलेला होता! सिंग २०१५ साली वारले; आपले काम नव्याने ऐकले गेलेले पाहून गेले, एवढे समाधान.

मे महिन्यात नात सुट्टीला आली. मी तिला हे सारे सांगितले. कल्याणजी, खुळखुळा, जमैका, सगळे. शेवटी विंचूरची वरातही सांगितली. ती आजवर घरात कुणाला ठाऊक नव्हती.

"मग वाजवून दाखवा ना ती धून," ती म्हणाली.

मी पहिले चार सूर गुणगुणलो आणि थांबलो.

"पुढे?"

"पुढे आठवत नाही. खोक्यात घालून ठेवली की असं होतं बघ."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आबा, उद्या मला लिलाव दाखवता?"

लासलगावात वाढलेल्या मुलाची ही मुलगी; पण लिलाव तिने जवळून कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बाजार समितीत गेलो. उन्हाळ कांद्याचे दिवस. गाड्यांच्या रांगा. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी येतो, कुणी ढिगात हात घालून कांदा वरखाली करतो, पुकारा सुरू होतो. हजार, हजार पन्नास, अकराशे, अकराशे वीस... आकडे पायऱ्या चढल्यासारखे चढतात, कुठेतरी अडतात, अडलेला आकडा दोनदा-तीनदा पुकारला जातो आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. सगळे मिनिटभरात. चार महिन्यांचे पीक, चाळीत घातलेला जीव, पोरीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सगळ्याचा निकाल त्या मिनिटभरात. गाडीवर उभा असलेला शेतकरी तोंडाने काही बोलत नाही. त्याचे ओठ मात्र आकड्यांबरोबर हलत असतात. हे मी चाळीस वर्षे पेढीवर राहून पाहिले नव्हते. नातीने दाखवले तेव्हा पाहिले.

घरी आल्यावर शिडी लावायला तिने मलाच हाक मारली.

आठवडाभर ती संगणकावर काहीतरी जुळवीत बसली. मग पुन्हा भरता येणारी एक कॅसेट तिने त्या जुन्या यंत्रात खुपसली आणि कपाळाला हात लावला. संगणकावर पातळ, नाकातला लावलेला आवाज यंत्रातून पोकळ, गोल निघत होता. असल्या नकली यंत्रांपैकी पुष्कळांत दोन आवाजांची अदलाबदल झालेली असते, असे तिने मला समजावले. चौकोनी लाटेचा पाव भाग आणि अर्धा भाग यांची जागा उलटी पडलेली. ती ते दुरुस्त करायला बसली होती. मी म्हणालो, "थांब. हा तर तोंडाला हातांचा कर्णा करून ओरडल्यासारखा येतोय." तिने माझ्याकडे पाहिले आणि तो आवाज तसाच ठेवला.

संध्याकाळी आमचे शेजारी ओट्यावर टेकले होते. त्यांची विंचूरच्या रस्त्याला तीन एकर जमीन आहे. संगीताशी संबंध भजनापुरता. नातीने टीव्ही लावला. खाली त्रिकोणी लाटेचा सलग घुमारा. चालू ठेवलेल्या ट्रॅक्टरसारखा, कारण ट्रॅक्टरलाही हळू-मोठ्याने कुठे कळते? मग खरखर, ढिगातून निसटणाऱ्या कांद्यांची. आणि मग खुळखुळा! तोच, चोथा झालेला. पण या वेळी तो नुसता खुळखुळत नव्हता. एका सुरापासून निघून तो पायरी पायरी चढत गेला, वर अडला, शेवटचा सूर तीनदा वाजला आणि थांबला. पुन्हा खरखर. पुन्हा तोच पहिला सूर, पुन्हा चढण. या खेपेला आणखी वर. तिसऱ्या खेपेला खुळखुळा निघाला, दोन पायऱ्या चढला आणि तिथेच अडकला. तो सूर तीनदा वाजला. मग फक्त ट्रॅक्टरचा घुमारा.

शेजारी पुढे झुकून बसले होते. त्यांना कुणी काही सांगितले नव्हते. ते हळूच म्हणाले, "बाराशेलाच गेला काय वो? कोनाचा माल व्हता?"

नातीने माझ्याकडे पाहिले. माझ्या डोळ्यांत कांदा गेला होता, असे समजा.

सारे जग व्यासांचे उष्टे, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा उष्ट्यापासून सुटका कुणालाच नाही; सात सूर तरी कुठे आपण नवे आणले? पण लहानपणापासून ऐकलेली शबरीची गोष्ट मला अलीकडे निराळी दिसू लागली आहे. तिची बोरेही उष्टीच होती. मात्र ती तिने दुसऱ्याच्या पानातून उचललेली नव्हती. प्रत्येक बोर स्वतः चाखून, आंबट निघाले ते टाकून, गोड निघाले तेवढे ठेवले होते. एवढा खटाटोप कुणासाठी करायचा हे तिला ठाऊक होते. माझ्या वीस वर्षांच्या नागिणीत मी एकही बोर चाखले नव्हते. नातीने दर खुळखुळा चाखून ठेवला.

यंदाही दिवाळीला ती येणार आहे. सौ.ने गाणारी माळ झाडून-पुसून ठेवली आहे. ती या वर्षीही लागणारच, कारण ती अजून चालते आणि आमच्या घरात चालणारी वस्तू टाकून देत नाहीत. बेथोव्हन वाजेल, मी झोपेत गाडी मागे घेईन, मंडळी हसतील. नंतर टीव्ही गेम जोडला जाईल. मेव्हणे पुन्हा विचारतीलच, "काय आबा, कशी वाटली?"

या खेपेला मी आधी शेवटपर्यंत ऐकणार आहे. आणि नात म्हणते, त्या विंचूरच्या धुनेचे चार सूर तिने एका वाटेवर लिहून ठेवले आहेत. पाचव्याची जागा रिकामी सोडली आहे. आठवला तर सांगा, म्हणते.